टीव्हीच्या बॉक्समधली साठवण

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी मला निरोप धाडला की, या खेपेस तुम्ही दोन शब्द बोलायचे. मी म्हटले, अहो, मी सातवी शिकलेली बाई. मी तिळाचे लाडू वळीन, सतरंज्या घालीन, पण भाषण कसले करणार? त्यावर त्या म्हणाल्या, टीव्हीच्या बॉक्सवरून आपण गेल्या वेळी मला जे सांगत होता, तेच सर्वांना सांगा. तेव्हा मी आज उभी राहिले आहे. यात विद्वत्ता काही नाही. घरात एक वस्तू बिघडली, ती बिघडताना मी काय चुकले आणि त्यातून काय शिकले, एवढेच सांगणार आहे. शिवाय मंडळाला माझे एक जुने देणे आहे, तेही आज द्यायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. 2016 च्या डिसेंबरात आपल्या मंडळाचा जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम टीव्हीवर झाला. आपण सोळाजणी त्यात होतो. त्या दिवशी गावभागात कुणाच्या घरी चूल वेळेवर पेटली नाही. जिच्या तिच्या घरी टीव्हीसमोर गर्दी. कार्यक्रम झाल्यावर त्याची प्रत त्या लोकांकडून मागून घ्यायची असे ठरले होते. पण आज लिहू, उद्या लिहू, असे म्हणत ते आपल्याकडूनच राहून गेले. मग सगळ्याजणी म्हणाल्या, प्रत हवी कशाला? सांगलीत आपल्या यांच्या घरी रेकॉर्डिंग आहेच की! ‘यांच्या घरी’ म्हणजे माझ्या घरी.

ते खरेच होते. आमच्या ह्यांना क्रिकेटचा नाद. कामावरून येईपर्यंत सामना संपलेला असायचा, म्हणून 2014 साली त्यांनी रेकॉर्डिंगची सोय असलेला सेटटॉप बॉक्स घेतला. त्याच्या पोटात 500 जीबीची हार्ड डिस्क होती. त्या वेळी मला हे शब्दच कळत नसत. पुढे माझ्या भाच्याने मला एक बिघडलेली डिस्क उघडून दाखवली. आत आरशासारखी लखलखीत गोल तबकडी असते. ती मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि तिच्यावरून एक बारीक सुई, तबकडीला न टेकता, केसाहूनही कमी अंतरावरून सरकत राहते. चित्र आणि आवाज त्या तबकडीवर लोहचुंबकाच्या खुणांनी उमटतात. मी म्हटले, म्हणजे हे जातेच झाले! वर खुंटा, खाली तळी, आणि फिरणे. भाचा हसला. म्हणाला, मामी, जात्यात खडा गेला तर पीठ खराब होते, इथे धुळीचा कण गेला तर जातेच जाते.

त्या बॉक्समध्ये आम्ही काय काय साठवले होते! ह्यांचे सामने, मुलीच्या गाण्याच्या स्पर्धा, सासूबाईंची कीर्तने, माझ्या मालिका. आणि त्या सगळ्यात आपला सव्वीस मिनिटांचा ओव्यांचा कार्यक्रम. मी एक मात्र केले होते. रिमोटवरून त्या कार्यक्रमाला ‘ठेवा’ अशी खूण करून ठेवली होती. कारण डिस्क भरली की बॉक्स आपोआप जुने कार्यक्रम पुसून नव्यांना जागा करतो. खूण केलेला तेवढा पुसत नाही. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हते, त्यात मुलीची एक स्पर्धा गेली. तेव्हा ज्यांच्या घरी असे बॉक्स आहेत, त्यांनी ही खूण कुठे करायची ते आजच बघून घ्यावे.

आता बिघाडाकडे येते.

2019 च्या मे महिन्यात आपण ठरवले की, येत्या वर्धापनदिनी तो कार्यक्रम पडद्यावर दाखवायचा. सासूबाई 2018 च्या श्रावणात गेल्या होत्या. आपल्या मंडळाच्या पहिल्या चिटणीसबाईही त्याच्या आधीच्या वर्षी गेल्या होत्या. दोघींच्या ओव्या त्या कार्यक्रमाच्या शेवटी होत्या. म्हणून मी एके दुपारी बॉक्स लावून बसले. कार्यक्रम सुरू झाला आणि चित्राचे चौकोन चौकोन व्हायला लागले. आवाज तुटू लागला. मी रिमोट आपटला. टीव्हीला दोन चापट्या मारल्या. घरोघरी हाच उपचार चालतो, त्यामुळे हसू नका.

इथे मी पहिली गोष्ट शिकले, ती ही की, दोष कुठे आहे ते ठरवल्याशिवाय हात लावू नये. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. ह्यांनी छपरावर जाऊन छत्री हलवली. वायरवाल्याला बोलावले. पण दोष छत्रीत असता तर चालू कार्यक्रमही तुटला असता. तो तर स्वच्छ दिसत होता! हीच पहिली परीक्षा. चालू कार्यक्रम आणि साठवलेला कार्यक्रम, दोन्ही तुटत असतील तर छत्री, वायर, पाऊस यांच्याकडे बघावे. फक्त साठवलेला तुटत असेल तर बॉक्सकडे बघावे.

दुसरी परीक्षा अशी. तुटणारा कार्यक्रम मागे नेऊन पुन्हा लावावा. प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी तुटत असेल, आणि बाकीचे कार्यक्रम नीट चालत असतील, तर बहुधा साठवतानाच तो तुटका आलेला असतो, म्हणजे त्या वेळी पाऊस असेल किंवा वीज दबली असेल. त्याला औषध नाही. पण आज इथे, उद्या तिथे, आज हा कार्यक्रम, उद्या तो, असे होऊ लागले की समजावे, डिस्क थकली आहे किंवा तापली आहे. आमच्याकडे हेच होत होते.

तापण्याचे कारण मात्र माझ्या हातचे होते. मैत्रिणींनो, आपल्या मंडळात क्रोशाचा वर्ग झाला होता, आठवते ना? त्यात मी एक सुरेख जाळीचे आच्छादन विणले होते. कडेला मोर काढले होते. ते मी बॉक्सवर घातले होते. वर गणपतीची मूर्ती आणि एक फुलदाणी. बॉक्सच्या वरच्या बाजूला बारीक भोके असतात, ती शोभेची नसतात. आतली उष्णता बाहेर जाण्यासाठी असतात. मी पाच वर्षे त्या बॉक्सचे नाक दाबून धरले होते. शिवाय तो टीव्हीच्या काचेच्या कपाटात, दार लावलेला. सांगलीचा मे महिना आपणास ठाऊक आहेच.

त्यात आणखी एक. आपण काहीच साठवत नसलो तरी असा बॉक्स चालू कार्यक्रम सतत डिस्कवर लिहीत असतो. म्हणून तर चालू कार्यक्रम मध्येच थांबवून दूध उतरवून येता येते. टीव्ही बंद केला आणि बॉक्स चालूच ठेवला, की डिस्क रात्रभर फिरत राहते. आमच्या घरी पाच वर्षे ती फिरत होती. जात्याला सुद्धा दळण संपल्यावर विसावा असतो.

पुढच्या आठवड्यात बॉक्स सुरूच होईना. दिवा लागे, पडद्यावर नाव येई आणि पुन्हा अंधार. पुन्हा नाव, पुन्हा अंधार. ह्यांनी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला. पाच मिनिटे बघून म्हणाला, ‘‘काकू, बॉक्स गेला. नवा लावून देतो, दहा मिनिटांचे काम आहे.’’ मी चहा ठेवायला वळले आणि सहज विचारले, ‘‘आणि आतले कार्यक्रम?’’ तो म्हणाला, ‘‘ते जाणार.’’ त्याच्या दृष्टीने ती साधी गोष्ट होती. तो जुना बॉक्स पिशवीत घालून घेऊन जाणार होता. मी त्याला चहा दिला, लाडू दिला आणि म्हटले, ‘‘बाळा, आज राहू दे. आठ दिवसांनी ये.’’

त्याची चूक म्हणून मी हे सांगत नाही. त्याचे काम टीव्ही सुरू करून देणे, ते तो करीत होता. आत काय आहे हे घरच्या बाईलाच ठाऊक असते, म्हणून विचारायचे कामही तिचेच. कोणी कारागीर ‘रिसेट करतो’ म्हणाला की विचारावे, याने साठवण पुसली जाईल काय? नुसते बंद करून चालू करणे निराळे, आणि सगळे मूळपदावर आणणे निराळे. ‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकला की तर हात धरावा. फॉरमॅट म्हणजे पाटी स्वच्छ पुसणे.

मग भाच्याला मिरजेहून बोलावले. तो पदविकेला शिकत होता. त्याने आधी बॉक्सची वायर काढून त्याला दोन तास थंड होऊ दिले. माझे मोर काढून घडी करून माझ्या हातात दिले. भोकांवरची धूळ रंगाच्या मऊ ब्रशाने झाडली. तरी तेच. मग त्याने भिंतीतल्या पिनेजवळचा काळा अडॅप्टर हातात घेऊन बघितला. तो म्हणाला, हे अडॅप्टर जुने झाले की पुरेशी वीज देत नाहीत. दिवा लागण्यापुरती असते, पण डिस्क फिरवायला जोर लागतो, तेवढी नसते. शेजारच्या वहिनींकडे त्याच जातीचा बॉक्स होता. त्यांचा अडॅप्टर आणून लावला आणि आमचा बॉक्स सुरू झाला! घरात गुढी उभारल्यासारखे वाटले.

हे ऐकून कोणी कुठलाही अडॅप्टर लावू नये. त्यावर व्होल्टचा आणि अँपिअरचा आकडा छापलेला असतो. व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपिअरचा तेवढाच किंवा जास्त हवा, आणि पिन तीच हवी. सर्वांत बरे म्हणजे त्याच बॉक्सचा घ्यावा. आमच्या नव्या अडॅप्टरला तीनशेच्या आसपास रुपये पडले. तीनशे रुपयांसाठी सबंध बॉक्स जाणार होता.

पण बॉक्स सुरू झाला तरी आतून बारीक आवाज येत होता. टक, टक, थांबून पुन्हा टक. भाचा म्हणाला, ‘‘मामी, हा आवाज चांगला नाही. सुई वाट चुकते आहे. डिस्कचे थोडेच आयुष्य उरले आहे. आजच उतरवून घेऊ.’’

उतरवून घेणे म्हणजे काय, तेही सांगते. मला वाटले होते, बॉक्समधली डिस्क काढून संगणकाला लावायची आणि कार्यक्रम ओढून घ्यायचे. तसे होत नाही. हे कार्यक्रम बॉक्सच्या कुलपात असतात आणि किल्ली त्याच बॉक्सपाशी आणि त्यातल्या कार्डापाशी असते. डिस्क दुसऱ्या बॉक्सला लावली तरी दिसत नाही. संगणकाला लावली तर संगणक तिला ओळखत नाही आणि उलट विचारतो, ‘फॉरमॅट करू का?’ तिथे कोणी भाबडेपणाने ‘हो’ म्हटले की संपले. आमच्या बॉक्सचे तर महिन्याचे पैसे भरायचे राहिले तरी जुने कार्यक्रम दिसत नसत. आजकाल पुष्कळ बॉक्सना बाहेरून पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येते, त्यांचेही बहुधा असेच असते. आपला पेनड्राइव्ह, आपल्या हातात, पण उघडतो त्याच बॉक्सवर.

मग मार्ग एकच. बॉक्सच्या मागे पिवळे, पांढरे आणि तांबडे अशी तीन भोके असतात. पिवळ्यातून चित्र येते, पांढऱ्या-तांबड्यातून आवाज. काही बॉक्सना तिन्हींऐवजी एकच गोल भोक असते, त्याची वायर निराळी मिळते. ती वायर एका छोट्या यंत्रामार्फत संगणकाला जोडायची. ते यंत्र बोटभर लांबीचे असते. बॉक्सवर कार्यक्रम लावायचा आणि संगणकाने तो बघत बघत टिपून घ्यायचा. जी चपटी नवी वायर टीव्हीला जाते, तिच्यातून येणारे चित्र टिपू देत नाहीत. तिच्यापेक्षा या जुन्या तीन वायरींचे चित्र थोडे मऊ येते, पण येते. यात घाई चालत नाही. तासाच्या कार्यक्रमाला तासच लागतो. कुरडयांचा चीक शिजायला जेवढा लागायचा तेवढा लागतोच, तसेच.

आणि आता माझे देणे.

आपण सर्वांनी ती प्रत पाहिलेली आहे. बाविसाव्या मिनिटाला ती तुटते. सर्वांनी मला विचारले, पुढचे काय झाले? मी सांगितले, यंत्र बिघडले. ते खोटे नव्हते, पण सगळे खरेही नव्हते.

त्या दुपारी भाचा वायरी जोडून क्लासला गेला. मला बटणे दाखवून गेला. जाताना म्हणाला, ‘‘सर्वांत मोलाचे आहे ते पहिले घ्या.’’ मला त्या यंत्राची भीती वाटत होती. हात कापत होता. मंडळाचा कार्यक्रम माझ्या हातून बिघडला तर तोंड कसे दाखवू, असे वाटले. म्हणून मी विचार केला, आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवावा. आणि मी माझ्या एका मालिकेचा शेवटचा भाग लावला. एक तासाचा. तो छान उतरला. मी खूष झाले. मग म्हटले, आता एक कीर्तन. तेही झाले. संध्याकाळी दिवेलागणीला मी आपला कार्यक्रम लावला. बॉक्स हाताला चटका बसेल इतका तापला होता. सोळा मिनिटे झाली, वीस झाली. पहिल्या चिटणीसबाई पुढे येऊन जात्याशी बसल्या. त्यांनी खुंट्याला हात घातला. आणि चित्र थांबले. आतून टक, टक, टक. मग पडदा काळा. त्यानंतर तो बॉक्स कधी सुरू झाला नाही.

चिटणीसबाईंची ओवी गेली, सासूबाईंची गेली. मालिकेचा शेवटचा भाग मात्र माझ्याकडे अजून आहे. तो मी परत एकदाही पाहिलेला नाही.

हे रात्री घरी आले. मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. ओट्यावर जाऊन बसले. आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. त्या काळी घरात फोन होते, पण आपल्या माणसाचा आवाज धरून ठेवावा हे सुचले नाही. रोज कानावर पडत होता ना! आता बाविसाव्या मिनिटापर्यंत सासूबाई दुसऱ्या ओळीत बसलेल्या दिसतात. सगळ्यांबरोबर गाताना त्यांचे ओठ हलतात. मुलगी म्हणते, आजीचा आवाज त्या सोळाजणींत आहेच. मी कान देऊन ऐकते. कधी सापडल्यासारखा वाटतो.

पुढे आम्ही पुण्याला डिस्क दाखवली. तिथल्या माणसाने सरळ सांगितले की, तबकडीवरच्या खुणा महाप्रयासाने उचलता आल्या तरी कुलूप उघडणार नाही, तुम्ही पैसे घालवू नका. कोणी सुचवले, डिस्क फ्रीजमध्ये ठेवून बघा. तसे मुळीच करू नये, आत दव धरते आणि होते नव्हते तेही जाते.

मी फार दिवस स्वतःला अडाणी म्हणत होते. तेव्हा भाच्याने मला एक गोष्ट सांगितली. 1969 च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला. त्या वेळी चंद्रावरून आलेले मूळचे चित्र ज्या टेपांवर उतरवले होते, त्या टेपा अमेरिकेच्या अवकाश संस्थेने पुढे पुसून पुन्हा वापरल्या असाव्यात. पुष्कळ शोध करून 2009 साली त्यांनीच तसे जाहीर केले. एवढे शिकलेले लोक! तरीही आज आपण ते चित्र पाहतो, ते कसे? तर टीव्हीवर दाखवलेल्या चित्राच्या प्रती इतर ठिकाणी राहिल्या होत्या, त्यांवरून ते नीट करून घेतले. आपल्याकडचेच बघा. ‘आलम आरा’ हा आपल्या देशातला पहिला बोलपट, 1931 सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते 1964 साली, तोवर पुष्कळ काही गेलेले होते. म्हणजे मूळ वस्तू किती मोठी, याला महत्त्व नाही. तिची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी होती की नव्हती, यावर सगळे ठरते.

हे दुसरे पथ्य मी तेवढे पाळले होते आणि त्यानेच लाज राखली. ती बाविसाव्या मिनिटापर्यंतची प्रत मी दोन डिस्कांवर घेतली. एक घरी ठेवली, एक माझ्या बहिणीकडे विट्याला दिली. घरातली लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, दागिन्यांच्या डब्याजवळ. दोन महिन्यांनी ऑगस्टात कृष्णामाई आली. आयर्विन पुलाच्या पाण्याचे आकडे ऐकत आपण कशा बसलो होतो, ते मी सांगायला नको. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. कपाट उघडले तेव्हा चिखलात सगळे लडबडलेले. लग्नाचा आल्बम गेला, सीडी गेल्या, ती डिस्कही गेली. आपण सर्वांनी पाहिली ती प्रत विट्याहून आलेली आहे.

म्हणून आता मी जे करते ते थोडक्यात सांगते.

पहिले असे की, मोलाचे ते आधी. सराव करायचा तर जाहिरातीवर करावा, आणि बिघडत्या यंत्रावर तर सराव करूच नये. बिघाडाचे चिन्ह दिसण्याची वाटही पाहू नये. तहान लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही. कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात उतरवून घ्यावा.

दुसरे असे की, उतरवल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही लावून बघावे. आवाज आहे ना, ते बघावे. मगच बॉक्समधले पुसावे. एकदा मी सबंध कार्यक्रम मुका उतरवला होता, तांबडी-पांढरी वायर निसटलेली!

तिसरे, नाव नीट द्यावे. आधी वर्ष, मग महिना, मग विषय. म्हणजे संगणकावर ती आपोआप सालवार लागतात. ‘नवीन’, ‘नवीन 2’, ‘पप्पांचे’ अशी नावे देऊ नयेत. एमपीफोर या प्रकारात ठेवले तर बहुतेक सगळ्या यंत्रांवर चालते. शिवाय मी एक दोनशे पानी वही घातली आहे. अनुक्रम, तारीख, काय आहे, किती मिनिटे, कोण कोण दिसते, आणि प्रती कुठे आहेत. वहीला वीज लागत नाही.

चौथे, प्रती दोन, आणि दोन्ही दोन गावांत. लोणच्याच्या दोन बरण्या आपण करतोच ना? एकीला बुरशी आली तरी दुसरी शाबूत राहावी म्हणून. पण दोन्ही एकाच फळीवर ठेवल्या आणि फळीच कोसळली, तर?

पाचवे, ठेवले म्हणजे झाले असे नाही. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षे ठेवायला नव्हे. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा रंग उन्हाने, दमटपणाने उडतो. हार्ड डिस्क नुसती पडून राहिली तरी अडकते. म्हणून मी वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, सगळे लावून बघते. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिची पूजाही करते. पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर सगळे हलवायचे. वाळवणाला जसे मधून ऊन दाखवतो, तसेच हे.

आणि बॉक्सची निगा म्हणाल तर, मोकळ्या हवेत ठेवा, वर काही ठेवू नका, रात्री रिमोटने बंद करून मग भिंतीचे बटण बंद करा. मात्र रात्रीचा एखादा कार्यक्रम साठवायला लावला असेल तर बटण बंद करू नका. वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टरवर घ्या. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कला इजा होते. डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. आणि टीव्हीवरचे कार्यक्रम दुसऱ्यांच्या मालकीचे असतात. ते आपण घरापुरते ठेवावेत, विकू नयेत की गावभर वाटू नयेत.

आता शेवटची विनंती. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी अशा बॉक्समध्ये, जुन्या फोनमध्ये, फुटक्या सीडीत कुणाचा तरी आवाज पडून असेल. कुणाच्या आईची आरती असेल, कुणाच्या सासऱ्यांचे भजन असेल. मंडळाने मला कार्यालयातली एक टेबलाएवढी जागा द्यावी. दर शुक्रवारी दुपारी तीन ते पाच मी वायरी घेऊन बसेन. पैसे घेणार नाही. जिचे तिला परत देईन आणि तिची परवानगी असेल तर एक प्रत मंडळाच्या नावाने ठेवीन, एक विट्याला. काही दुरुस्त होईल, काही होणार नाही. पण जे आणाल त्यात आधी सांगा, सर्वांत मोलाचे कोणते. ते मी पहिले घेईन.

आणि त्या 2016 च्या कार्यक्रमाचा शेवट कुणाच्या पाहुण्यांकडे, कुणाच्या फोनमध्ये, टीव्हीसमोर धरून टिपलेला असला, कितीही अंधुक असला, तरी कृपा करून कळवा. चिटणीसबाईंची ओवी आणि आमच्या आईंची ओवी मी अजून शोधते आहे.

माझे चुकले ते आपण पोटात घालावे. तिळगूळ घ्या आणि गोड बोला.